ग्रेडिंगला दिलेलं नाणं बदलून आलं, आणि स्लॅब मात्र शंभर टक्के खरा

नाणं ग्रेडिंगला, म्हणजे कंपनीकडून त्याचा खरेपणा आणि अवस्था ठरवून घ्यायला, द्यायचा विचार करत असाल आणि ते स्वतः न पाठवता दुसऱ्या कोणाच्या हातून पाठवणार असाल तर आधी हे पूर्ण वाचा. खोट्या स्लॅबबद्दल (कंपनी तपासलेलं नाणं ज्या नंबर-लेबलवाल्या सीलबंद डबीत परत देते ती), नकली नाण्यांबद्दल सगळेच सावध करतात. माझ्या बाबतीत यातलं काहीच खोटं नव्हतं. स्लॅब खरा, त्यावरचा नंबर खरा, आतलं नाणंही खरं, फक्त ते माझं नव्हतं.

माझ्या काकांनी जमवलेल्या नाण्यांमध्ये 1889 चा, अमेरिकेतल्या कार्सन सिटी टांकसाळीचा (सीसी) मॉर्गन डॉलर हे चांदीचं नाणं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मॉर्गन डॉलर एकूण लाखो-करोडोंनी पाडले गेले पण 1889 सीसी फक्त साडेतीन लाख पाडले, आणि त्यातले चांगल्या अवस्थेतले फारच कमी राहिलेत, म्हणून संग्राहक त्याच्या मागे असतात. मागच्या बाजूला पुष्पचक्राच्या खाली, डॉलर शब्दाच्या वर, ते छोटंसं सीसी असतं. काकांनी हे नाणं कधी पुसलं नाही, कधी कशात बुडवलं नाही, कागदी पाकिटात ठेवून दिलं होतं. थोडं वापरलेलं होतं, गालावर आणि कानावरच्या केसांवर हलकी झीज, पण ताऱ्यांच्या मधे आणि अक्षरांच्या आजूबाजूला मूळ चमक शाबूत होती, दिव्याखाली हळूहळू फिरवलं की उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरायचा. माझ्या अंदाजाने एयू (जवळजवळ न वापरलेलं) 53, 55 च्या आसपास.

ग्रेडिंगचं गणित थोडक्यात असं, की 1 ते 70 ही मोजपट्टी आहे, विल्यम शेल्डनने 1949 मध्ये जुन्या अमेरिकन सेंटसाठी काढलेली, आता सगळ्याच नाण्यांना लावतात. 50 ते 58 एयू, 60 पासून पुढे एमएस म्हणजे न वापरलेलं. पण नाणं कोणीतरी घासलं, पॉलिश केलं, खरवडलं असेल तर त्याला आकडा मिळतच नाही, लेबलवर 'एयू डिटेल्स, क्लीन्ड' असं येतं, आणि एकाच वर्षाच्या दोन नाण्यांमध्ये आकडा असलेलं आणि डिटेल्स असलेलं यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ज्याच्या हातून मी नाणं पाठवलं तो माणूस नेमका याच फरकावर जगत होता.

त्याची ओळख एका संग्राहकांच्या मेळाव्यात झाली. बोलायला गोड, माहिती भरपूर, लोकांच्या नाण्यांची ग्रेड बघता बघता सांगायचा आणि ती बऱ्याचदा बरोबर निघायची. म्हणाला ताई तुम्ही एकट्याने पाठवाल तर मेंबरशिप घ्या, विमा काढा, कस्टमचे कागद करा, एका नाण्यासाठी एवढं कशाला, माझी महिन्याला एक खेप जाते, त्यात टाकतो. हे खोटं नसतं, बरेच डीलर खरोखरच असं लोकांच्या वतीने पाठवतात आणि चोख काम करतात, म्हणूनच माझा विश्वास बसला. पावती दिली ती पण हाताने लिहिलेली, "मॉर्गन डॉलर 1889 सीसी, नग 1". बस. वजन नाही, फोटो नाही, कोणत्या अवस्थेत घेतलं ते नाही, सबमिशन नंबर (कंपनीकडे पाठवलेल्या खेपेचा नंबर) नाही. त्या पावतीवर कोणतंही 1889 सीसी मला परत दिलं तरी तो हिशोबात बरोबरच ठरत होता, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

पाच महिन्यांनी नाणं आलं. नामांकित कंपनीचा स्लॅब, लेबलवर एक्सएफ (एयूच्या खालची ग्रेड) डिटेल्स, क्लीन्ड. तो चेहरा पाडून म्हणाला, काय करणार ताई, काकांनी कधीतरी धुतलं असणार, डोळ्यांना दिसत नाही पण ग्रेडरच्या दिव्याखाली लपत नाही. मी घरी आले आणि खरं सांगते मनात काकांवरच रागावले. आता देवाघरी गेलेल्या माणसाला मी मनातल्या मनात दोष दिला, याचं वाईट मला नाणं गेल्यापेक्षा जास्त वाटतं.

मग मी तपासलं जे सगळे सांगतात तेच. कंपनीच्या साइटवर नंबर टाकला, आला, 1889 सीसी, एक्सएफ डिटेल्स, सगळं जुळलं. स्लॅबच्या कडा बघितल्या, कुठे उघडून परत चिकटवल्याची खूण नाही. नाणं खोटं असायचा प्रश्नच नव्हता. इथे बहुतेक लोक थांबतात, मीही तीन आठवडे थांबले.

मला जाग आली ती एका जुन्या फोटोमुळे. दोन वर्षांपूर्वी भाचीने फोनवर टेबललॅम्पखाली काढलेला, सहज काढलेला, पण नशिबाने स्पष्ट. मोठा करून बघितला आणि स्लॅब शेजारी धरला. फोटोतल्या नाण्यावर लिबर्टीच्या (पुढच्या बाजूच्या स्त्रीच्या चेहऱ्याच्या) गालावर, ओठांच्या कोपऱ्यापासून थोडं मागे, दोन छोटे आडवे घाव आहेत, एकाखाली एक, समांतर, जणू बरोबरच्या (=) चिन्हासारखे. स्लॅबमधल्या नाण्याच्या गालावर तिथे काहीच नाही, त्याऐवजी हनुवटीच्या खाली एक लांब ओरखडा, आणि पूर्ण मैदानावर, म्हणजे चित्राभोवतीच्या सपाट जागेवर, एकाच दिशेने गेलेल्या बारीक केसासारख्या रेघा, नाणं घासलं की पडतात तशा. मी दहा वेळा बघितलं. भिंग घेतलं. नवऱ्याला काही न सांगता दोन्ही त्याच्यापुढे ठेवले आणि विचारलं हे एकच नाणं आहे का, तो नाण्यांतला नाही पण दोन सेकंदांत म्हणाला नाही, गाल वेगळा आहे.

फोन केला तर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. म्हणे तुमच्या नाण्यावर डाग होते म्हणून मी आधी डिप केलं, त्यात रंग गेला असेल. डिप म्हणजे सौम्य आम्लाच्या द्रावणात बुडवणं, त्याने वरचा रंग जातो हे खरं आहे, पण धातूत पडलेला घाव कसा जाईल? चांदीत खड्डा पडला की तो पडला, तो भरून येत नाही, उलट नवीन घाव येऊ शकतो पण जुना पुसला जाणार नाही. हे मी विचारलं तर म्हणाला फोटोत सावली असेल. मी म्हटलं ठीक आहे, मला सबमिशन नंबर द्या, ज्या फॉर्मवर पाठवलं त्याची कॉपी द्या. त्यानंतर फोन उचलणं बंद.

पक्का पुरावा शेवटी त्या स्लॅबच्या नंबरनेच दिला. मी तो नंबर नुसता कंपनीच्या साइटवर नाही, तर साध्या गूगल सर्चमध्ये टाकला, आणि एका जुन्या लिलावाचं पान निघालं, तोच नंबर, तोच हनुवटीखालचा ओरखडा, आणि लिलावाची तारीख मी नाणं द्यायच्या अकरा महिने आधीची. म्हणजे माझं नाणं ग्रेडिंगला गेलंच नाही. त्याने बाजारातून एक स्वस्तातलं, आधीच स्लॅब झालेलं क्लीन केलेलं नाणं घेतलं, ते मला दिलं, आणि माझं स्वतःकडे ठेवलं. वर माझ्याकडून ग्रेडिंगची फी पण घेतली. ग्रेडिंग कंपनीचा यात काडीचा दोष नाही, त्यांनी त्यांच्यासमोर आलेल्या नाण्याला बरोबरच ग्रेड दिली होती.

तक्रार केली आहे, फोटो, पावती, लिलावाचं पान सगळं जोडलंय. पावतीवर वर्णन नसल्यामुळे तो म्हणतोय जे घेतलं तेच दिलं, आणि नेमका तिथेच मी अडकले आहे. म्हणून हात जोडून सांगते, नाणं हातातून सोडायच्या आधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, उजेड एकाच बाजूने तिरका ठेवा म्हणजे घाव उठून दिसतात, आणि ते फोटो घेणाऱ्याला त्याच क्षणी मेसेजवर पाठवा आणि "हेच नाणं मिळालं" असं त्याच्याकडून लिहून घ्या. तो कुरकुरला तर नाणं परत खिशात टाका. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन मोठ्या ग्रेडिंग कंपन्या, दोघांच्या साइटवर त्यांच्या अधिकृत डीलरची यादी असते, नाव त्यात आहे का बघा, "माझं तिकडे खातं आहे" एवढ्यावर जाऊ नका. सबमिशन नंबर खेप गेली त्याच दिवशी मागा. शक्य असेल तर कंपनीची नाण्याचे फोटो काढून देणारी सर्व्हिस घ्या, आणि वजनाचा भरवसा धरू नका, माझ्याही बाबतीत दोन्ही नाणी खरीच, मॉर्गनचं वजन 26.73 ग्रॅम, वजनाने काय कळणार होतं. आणि परत आलेल्या स्लॅबचा नंबर साध्या सर्चमध्ये नक्की टाका, हे कोणीच करत नाही.

माझं नाणं आता बहुतेक आकडा घेऊन नवीन स्लॅबमध्ये कुठेतरी विकायला येईल, किंवा आलं पण असेल. 1889 सीसी, एयूच्या आसपास. गालावर ओठांच्या मागे दोन समांतर आडवे घाव. डावीकडच्या सात ताऱ्यांच्या कडेने पिवळसर तपकिरी रंगाची कमान, ती डिप केली असेल तर नसेल, पण घाव असणारच. मागच्या बाजूला घड्याळात चार वाजतात तिथे काठावर एक बारीक खाच. कुठे दिसलं तर घेऊ नका, आणि स्लॅबचा नंबर लिहून मला कळवा.