‘ॲसिडिटी मुळापासून घालवतो’ म्हणत माझे २५,७४९ रुपये लुबाडले. कोल्हापूरकरांनो, सावध राहा

नोंदणीचे ४९९, ‘९० दिवसांच्या आहार-जीवनशैली पॅकेज’चे १८,५०० आणि मधेच गळ्यात मारलेल्या ‘बूस्टर किट’चे ६,७५०. एकूण २५,७४९ रुपये. राजारामपुरीतल्या एका एसी गाळ्यात बसून हे पैसे माझ्याकडून काढले. वकिलांनी अडवलंय म्हणून नाव लिहीत नाही.

माझं लक्ष्मीपुरीत दुकान. शटर ओढून घरी पोचायला साडेदहा, जेवायला अकरा आणि लगेच अंथरूण. रात्री छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, कोरडा खोकला. डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी दिली होती, सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. तिनं बरंही होतं. पण ‘आयुष्यभर गोळ्याच खाणार काय?’ असं कुणी विचारलं की कुणाच्याही मनात चलबिचल होते. यांचा सगळा धंदा त्याच प्रश्नावर चालतो.

त्या गाळ्यात मोफत तपासणी शिबिर होतं. हातात धातूची कांडी धरायची, स्क्रीनवर रंगीत पट्टे हलतात आणि रिपोर्ट छापून येतो. माझं लिव्हर, पित्त, आतडी, सगळं लाल. मग बायकोनं कांडी धरली. तिच्या रिपोर्टात प्रोस्टेटचा आकडा आला. प्रोस्टेट ही पुरुषांची ग्रंथी, आणि ती बाईच्या रिपोर्टात! ती म्हणाली, “अहो, हे बघा की, काहीतरी चुकलंय.” समोरची मुलगी म्हणाली, “काकू, आधीच्या पेशंटचं सेटिंग राहिलं असेल,” आणि कागद ओढून घेऊन दुसरा छापला. कांडी परत हातात न देता! म्हणजे ते यंत्र अंगातलं काही मोजतच नव्हतं. तिथंच उठायला पाहिजे होतं. आजही ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पण मागं रांग, समोर पांढरे कोट आणि ‘आज भरलं तर १८,५००, उद्यापासून २४,०००’. मी काही अडाणी नाही, जीएसटीची विवरणं स्वतः भरतो. अशा ठिकाणी भले भले सही करतात.

पहिला हुकूम: गोळी आजपासून बंद. थोड्याच दिवसांत जळजळ अशी उसळली की रात्र रात्र बसून काढली. फोन केला तर, “काका, विष बाहेर पडायलंय, चांगली खूण आहे,” आणि त्यावर ६,७५० चं किट. खरं काय ते नंतर आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. बरेच दिवस घेतलेली ही गोळी एकदम थांबवली की काही काळ आम्ल उलट जास्तच सुटतं. म्हणजे त्रास यांनीच वाढवला आणि त्याचेच वर पैसे घेतले. गोळी कमी करायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच करा.

त्यांनी दिलेल्या पावडरीचा पाऊच चंदेरी. त्यावर ना घटक, ना परवाना क्रमांक, ना बॅच. बायकोनं चमचाभर पावडर वाटीत घेऊन लिंबू पिळलं, तर फसफसून फेस काठावर आला. खायचा सोडा, नाहीतर तसलंच काहीतरी. सोड्यात बीपी वाढवणारं सोडियम असतं आणि मी बीपीचा पेशंट. हे त्यांच्या फॉर्मवर मी स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं.

आणि १८,५०० चा तो आहार सल्ला? झोपायच्या तीन तास आधी जेवा, डाव्या कुशीवर झोपा, पलंगाची डोक्याकडची बाजू सहा-आठ इंच उचला, पोट कमी करा, तंबाखू सोडा, रात्री तांबडा रस्सा आणि तळलेलं नको. सल्ला खरा आहे. जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडली की भरल्या पोटी आडवं होताच आम्ल वर चढतं. पण हेच सगळं आमच्या डॉक्टरांनी २०० रुपयांच्या फीमध्ये सांगितलं होतं. आता दुकानात डबा मागवतो, आठला जेवतो आणि पलंगाखाली विटा लावल्यात. फरक त्यानं पडलाय.

घास गिळताना अडकत असेल, शौच काळी होत असेल, उलटीत रक्त येत असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल, तर असल्या गाळ्यांची पायरी चढू नका. पोटविकारतज्ज्ञांकडं जा, एन्डोस्कोपी (दुर्बिणीतून पोटाची तपासणी) लागते का ते विचारा.

पोलिसांत गेलो. “पैसं तुम्हीच दिलासा न्हवं? मग फसवलं कुणी?” वर हसणं. तक्रार घेतलीच नाही, म्हणे दिवाणी मामला. एका सरकारी कार्यालयात पाऊच घेऊन गेलो तर एका टेबलावर “हे औषध नाही”, दुसऱ्या टेबलावर “हे अन्न म्हणून विकलेलं नाही”. मग आहे काय ते? आम्ही पोटात घातलंय ते! साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, साहेब रजेवर. अर्जावर शिक्का मारून घ्यायलाही भांडावं लागलं. त्यांच्या जाहिरातीत ‘अल्सर कायमचा बरा’ असं छापलंय. जठर-आतड्यांच्या अल्सरवर इलाजाची अशी जाहिरात करायला १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्यानं बंदी आहे. तो कायदा साहेबाला मी छापून दाखवायचा!

शेवटी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, मुदत दोन वर्षं. पक्की पावती घेतल्याशिवाय रुपया देऊ नका. माझ्याकडं ४९९ आणि १८,५०० च्या पावत्या आहेत. ६,७५० रोख घेतले आणि कागद दिलाच नाही. त्या गाळ्यात आणखी कुणी पैसे भरले असतील तर पाऊच, रिपोर्ट आणि फोनवरचे मेसेज टाकून देऊ नका, मला कळवा. तक्रार एकत्र करू.