डीडीरेस्क्यू वापरून पाहिलं, आजीची गाणी परत मिळाली

मागच्या मे महिन्यात १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क बिघडली. त्यात घरचे फोटो आणि मुख्य म्हणजे आजीने म्हटलेली भुलाबाईची गाणी, मोबाइलवर रेकॉर्ड केलेली, आजी आता नाही आणि दुसरी कॉपी कुठेच नाही. एक फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लावून राहिली होती, मग कॉम्प्युटरच हँग. नागपुरात बर्डीवर एका दुकानात १६ हजार सांगितले, तेवढे हातात नव्हते. शेवटी घरीच बसलो, आणि कामी आलं ते डीडीरेस्क्यू, बिघडलेल्या डिस्कवरचा डाटा दुसरीकडे उचलून ठेवणारं सॉफ्टवेअर, विंडोजऐवजी लिनक्सवर चालतं, एक पैसा लागत नाही.

आधी एक सांगतो. डिस्क टक टक आवाज करत असेल तर लगेच काढून ठेवा, तिथे कोणतंच सॉफ्टवेअर चालत नाही, ती डाटा रिकव्हरीवाल्याकडेच न्यायची. आणि झाकण तर उघडूच नका बापा, आतलं डाटा वाचणारं हेड फिरत्या प्लेटच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, धुळीचा कण त्याहून कितीतरी मोठा. मामेभाऊ म्हणे फ्रीजमध्ये ठेव, पण बाहेर काढली की कूलरच्या दमट हवेत आत पाणी धरेल. विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं चेकडिस्क पण नको, ते मरायला टेकलेल्या डिस्कवरच लिहीत बसतं.

माझी डिस्क आवाज करत नव्हती, फक्त वाचताना अडकत होती. डीडीरेस्क्यू अशा अडलेल्या जागेवर थांबत नाही, ती सोडून पुढे जातं, आधी चांगला भाग सगळा उचलतं आणि मग खराब तुकड्यांकडे वळतं. उबंटूच्या (लिनक्सचाच एक प्रकार) पेनड्राइव्हवरून चालवलं, पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, कमांड मात्र डीडीरेस्क्यू. २ टीबीची नवी डिस्क घेतली, कॉपी तिच्यावर. कमांडमध्ये जुनी कोणती नवी कोणती हे दहादा तपासा, उलटं झालं की सगळं गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली आणि माझ्या पोटात गोळा आला. पण मॅपफाइल नव्या डिस्कवर ठेवली होती, त्यात कुठपर्यंत आलो ते सगळं लिहिलेलं असतं, लाइट आल्यावर तीच कमांड परत दिली आणि काम तिथूनच पुढे सुरू झालं. ही मॅपफाइल पेनड्राइव्हवाल्या उबंटूच्या होम फोल्डरमध्ये ठेवली असती तर रीस्टार्टमध्ये उडाली असती, हे लक्षात ठेवा.

वाईट गोष्ट एवढीच की बटणं-बिटणं काही नाही, काळ्या स्क्रीनवर टाइप करावं लागतं, आणि शेवटी स्पीड इतका पडतो की आकडा हलतच नाही. मधेच बंद करू नका, चालू द्या. मला तीन दिवस लागले, डिस्कवर टेबल फॅन लावून ठेवला होता.

१४ गाणी होती, १४ही आली. एकात मधेच दोन सेकंद काहीच ऐकू येत नाही, मग आजी पुढची ओळ म्हणते. ऐकवली तेव्हा आत्या ती ओळ सोबत म्हणत होती.