डोंगराळ नाशिकमधला हिवतापाचा डास: क्युलिसिफेसीस की फ्लुव्हिएटिलिस?

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पट्ट्यात हिवतापाचा डास ओळखायचा, तर ॲनोफेलिसच्या या दोन जातींमधला फरक कळायलाच हवा. दोन्ही लहानखुऱ्या, करड्या-तपकिरी. नुसत्या डोळ्यांनी बघून कोण कुठली ते सांगता येत नाही.

माझ्या मते सगळ्यात कामाची खूण पंखावर आहे. मादीच्या पंखाची तिसरी शीर भिंगाखाली बघा. क्युलिसिफेसीसमध्ये ती बहुतेक काळपट खवल्यांची असते, फ्लुव्हिएटिलिसमध्ये बहुतांशी फिकट. हे खवले चटकन झडतात. बोट लागलं की खूणच पुसली जाते, म्हणून पंखाला अजिबात हात लावू नये.

पाणीही बरंच सांगून जातं. क्युलिसिफेसीसच्या अळ्या भाताच्या खाचरांत, पाटात, नदीपात्रातल्या डबक्यांत मिळतात. फ्लुव्हिएटिलिसला संथ वाहतं, स्वच्छ पाणी लागतं: ओहोळाची गवताळ कड, झऱ्याचा पाझर. पावसाळा सरून ओढे निवळले की डोंगरउतारावर पहिला संशय हिचाच घ्यावा.

क्युलिसिफेसीसचा ओढा गुरांकडे; संख्या वाढली की मात्र ती माणसांतही हिवताप पसरवते. फ्लुव्हिएटिलिसमध्ये दिसायला एकसारख्या, पण स्वभावाने वेगळ्या जाती दडलेल्या आहेत. त्यातली ‘एस’ माणसाला चावणारी आणि हिवतापासाठी खरी घातक. ‘टी’ मुख्यतः गुरांवर जगते. हा भेद भिंगाने कळत नाही, गुणसूत्रं किंवा डीएनए तपासावा लागतो. म्हणून नमुना पाठवताना डास गोठ्यात सापडला की झोपायच्या खोलीत, हेही चिठ्ठीवर लिहावं.