डागी पण भारी ब्रश, की बिनडागी पण साधा?

तेवढ्याच पैशांत दाढीचे दोन ब्रश समोर आहेत. एक वरच्या दर्जाचा, पण कुठेतरी खोट राहिली म्हणून सवलतीत काढलेला. दुसरा दोन पायऱ्या खालचा, पण नवाकोरा, अंगावर ओरखडा नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. खोट मुठीवर असेल तर पहिला घ्या. खोट केसांच्या झुबक्यात असेल, किंवा झुबका मुठीत जिथे बसतो त्या जागी असेल, तर गुपचूप दुसरा घ्या.

माझा रोजचा ब्रश डागी मालातलाच आहे. बॅजर या प्राण्याचे केस, दुधी रंगाच्या रेझिनची (साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाची) मूठ. रेझिन ओतताना आत हवेचे बुडबुडे राहिले आणि मूठ लेथवर (फिरवत कातायच्या यंत्रावर) चढवल्यावर त्यातला एक उघडा पडला. मोहरीएवढा खड्डा, बरोबर अंगठा टेकतो तिथे. त्यात साबण जाऊन सुकतो. पांढऱ्यावर पांढरं, त्यामुळे मलाही दिसत नाही. गडद मुठीवर दिसला असता. पण तो बुजवणं अवघड नाही: सुपरग्लूचा थेंब टाकायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि अगदी बारीक पॉलिश पेपर ओला करून हलक्या हाताने घासायचं. मी आळसाने केलेलं नाही, आणि फेसाने त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही.

मुठीतली रंगांची नक्षी ठरल्याप्रमाणे न उतरणं, खोदलेलं नाव तिरकं जाणं, लेथच्या पुसट रेघा राहणं, खोका दबलेला असणं, हे सगळं याच खात्यात. त्यासाठी कुणी पैसे कमी करत असेल तर करू द्यावेत.

मूठ कशाची आहे, यावर मात्र थोडं थांबा. ॲल्युमिनियमच्या मुठीवरचा चरा निरुपद्रवी असतो. क्रोमचा मुलामा पापुद्र्यासारखा उचललेला असेल तर तो पुढेही सुटत जाणार. लाकडी मुठीवर व्हार्निश उडालेलं किंवा केसाएवढी चीर दिसत असेल, तर ती दिसायची खोट नव्हेच. रोज पाणी आत जाईल, लाकूड फुगेल, सुकेल, परत फुगेल, आणि चीर वाढेल. रेझिनमधला बुडबुडा आणि लाकडातली चीर यांना विक्रेता एकाच सवलतीत बसवतो, आपण बसवू नये.

आता झुबका. ब्रशचे बहुतेक पैसे इथे गेलेले असतात. झुबक्याची जाडी सहसा 20 ते 30 मिलिमीटर आणि मुठीबाहेरची उंची साधारण 45 ते 55 मिलिमीटर असते. गोंद लावून झुबका मुठीत किती खोल बसवला, त्यावर ब्रशचा स्वभाव ठरतो. तोच झुबका दोन-तीन मिलिमीटर खोल गेला तर ताठ वाटतो, वर राहिला तर लोळतो. त्यामुळे ‘उंची कमी भरली’ म्हणून बाजूला काढलेला ब्रश ताठ ब्रश आवडणाऱ्याला उलट लाभाचा. घट्ट साबण वाटीत घोटणाऱ्यांनी असा ब्रश सोडू नये. बॅजरच्या केसांवरचा काळा पट्टा वर-खाली असणं हीसुद्धा नुसती रंगाची गोष्ट. झुबका किंचित कलता असेल तर फेस तसाच येतो, फक्त ब्रश उभा ठेवला की रोज डोळ्याला खुपतो. तुम्हाला भिंतीवरची तिरकी तसबीर सरळ केल्याशिवाय चैन पडत नसेल, तर नकोच.

झुबका आणि मुठीच्या मध्ये फट असेल तर तो ब्रश घेऊ नका, सवलत कितीही असो. फटीत पाणी साचतं, काळी बुरशी धरते, आणि एके दिवशी झुबका हातात येतो. दोन भाग मिसळायच्या इपॉक्सीने तो परत बसवता येतो, पण ती हौस असणाऱ्यांची कामं. केस गळण्याचं वेगळं. बॅजर किंवा डुकराच्या केसांचा नवा ब्रश पहिले काही दिवस दोन-चार केस सोडतोच, त्याला घाबरायचं नाही. पुंजक्याने केस यायला लागले की मुळाशी गोंद पोचलेला नाही. ‘किरकोळ खोट’ म्हणून घेतलेल्या एका ब्रशचे केस महिनाभर माझ्या गालावर चिकटत होते. तो आता कीबोर्डवरची धूळ झाडतो.

बिनडागी ब्रशाची बाजूही कमकुवत नाही. परत करायची सोय बहुधा त्यालाच असते. सवलतीच्या मालावर ‘परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का सर्रास असतो. कुणाला भेट द्यायचा असेल, किंवा वापरून पुढे विकायचा विचार असेल, तर हाच घ्या. फक्त त्याच्यावरच्या दर्जाच्या नावाला भुलू नका. ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सुपर’, ‘सिल्व्हरटिप’ या बॅजरच्या प्रतींना सर्वांना बांधणारं मोजमाप नाही, एकाचा ‘बेस्ट’ दुसऱ्याच्या ‘सुपर’ला मागे टाकू शकतो. आणि समोरचा साधा ब्रश चांगल्या सिंथेटिकचा असेल, तर माझा काटा त्याच्याकडे झुकतो. तो भिजत ठेवावा लागत नाही, पहिल्या दिवसापासून मऊ असतो आणि लवकर वाळतो. डुकराच्या केसांचा ब्रश मात्र काही आठवडे वापरून टोकं फाटल्यावरच मऊ होतो, तेवढा धीर हवा.

डागी घ्यायचं ठरलंच, तर विक्रेत्याला ‘खोट काय आहे’ असं विचारू नका, ‘खोट कुठे आहे’ असं विचारा आणि झुबक्याच्या मुळाचा जवळून काढलेला फोटो मागा. ब्रश हातात आल्यावर कोरडा असतानाच बोटांनी दोन-तीनदा विंचरा, मग कोमट पाण्यात भिजवून फेस काढा, झटका आणि मूठ धरून झुबका हलकेच पिळून पाहा. जनावराच्या केसांचा असेल तर पहिल्या दिवशी ओल्या जनावराचा वास येईल, तो चार-सहा वेळा फेस काढल्यावर जातो. झुबका मुळाशी हलला, तर त्याच दिवशी कळवा.