६०० व्हीएचा यूपीएस: चांगला, पण बॅटरी सांभाळा

लातूर-नांदेडकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे घरच्या डेस्कटॉपला हा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर पीसी चालू ठेवणारा डबा, हवाच. नावात ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) असलं, तरी खरी ताकद साधारण ३६० वॅट. फाइल सेव्ह करून नीट शटडाउन करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटं मिळतात. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, त्याचा हीटर एकदम करंट ओढतो आणि यूपीएस ट्रिप होतो.

कमजोर भाग आतली १२ व्होल्ट, ७ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण क्षमता) बॅटरी. २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय होत असेल ते सांगायला नको! लाइट जाताच पीसी बंद पडू लागला, तर अख्खा यूपीएस बदलू नका. प्लग काढून त्याच मापाची बॅटरी बसवा, लाल वायर प्लसलाच. जुनी दुकानदाराला परत द्या, थोडे पैसे सुटतात.