लासेन ते शास्ता चालण्यासाठी घेतलेला पाण्याचा फिल्टर: सात महिन्यांच्या वापरानंतर

कॅलिफोर्नियातल्या लासेन शिखराच्या परिसरातून निघून शास्ता पर्वताच्या दक्षिणेकडील कॅसल क्रॅग्जपर्यंत पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेने चालायचे ठरले, तेव्हा फेब्रुवारीत हा फिल्टर घेतला. ०.१ मायक्रॉनची छिद्रे, वजन, बाटलीचे आटे वगैरे तपशील सर्वांना ठाऊक आहेत. मला लिहायचे आहे ते त्याच्या तोंडात बसणाऱ्या रबरी वायसरबद्दल, कारण परवाने, बर्फ आणि अस्वलांपासून अन्न वाचवणारा तो अवजड डबा या सर्वांनी मिळून दिला नाही इतका मनस्ताप मला त्या चकतीने दिला.

लासेनजवळच्या वॉर्नर व्हॅलीपासून कॅसल क्रॅग्जपर्यंतची वाट साधारण २५० किलोमीटरची आहे आणि तिचे सगळे नियोजन पाण्याभोवती फिरते. ओल्ड स्टेशन हे छोटे गाव सोडल्यावर वाट हॅट क्रीक रिमच्या कड्यावर चढते आणि तिथे जवळपास ४५ किलोमीटर भरवशाचे नैसर्गिक पाणी नाही. मागे ३,१८७ मीटरचा लासेन, पुढे ४,३२२ मीटरचा शास्ता आपले बर्फ मिरवत उभा, कड्याखालच्या खोऱ्यात हॅट क्रीक हा ओढा वाहतो आहे, आणि आपण मात्र घोट मोजत चालायचे. या मुलखातला लाव्हाचा सच्छिद्र खडक पाणी पिऊन टाकतो. असेच मुरलेले पाणी पुढे बर्नी धबधब्यापाशी झऱ्यांवाटे बाहेर पडते, तेही दिवसाला सुमारे ३८ कोटी लिटर. कड्यावर कोणी पाण्याचे कॅन ठेवले असतील या आशेवर जाऊ नये, म्हणून मी चढण्यापूर्वी एकदम सहा लिटर गाळून घेण्याचे ठरवले होते. फिल्टरची खरी परीक्षा तिथेच होती.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगतो. मे महिन्यात सरावाच्या एका मुक्कामात फिल्टर पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात राहिला आणि गोठला. आतले पाणी गाळणारे तंतू फुटले असले तरी बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे तो टाकून देण्यावाचून गत्यंतर नसते. कंपनीने हमी नाकारली. मी आठवडाभर पत्राने भांडलो, पण चूक माझी होती हे आता मान्य करतो. चाळीस डॉलर गेले. दुसरा फिल्टर घेतला आणि तेव्हापासून थंडीत तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपतो. जुलैत हा दुसराही इतका मंदावला की एक लिटरला दहा मिनिटे लागू लागली. कंपनीचे उत्तर आले, नवा घ्या. मी पाचपैकी एक तारा देऊन हा अनुभव लिहायलाच बसलो होतो, पण पुन्हा चाळीस डॉलर मोजण्याच्या विचाराने हात आखडला आणि शेवटचा उपाय म्हणून फिल्टर अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून सिरिंजने उलट धुतला. धार पूर्ववत झाली. आत जड पाण्याचे क्षार साचले होते, एवढेच. तो एक तारा मी मागे घेतो.

वायसरचे मात्र काय करावे? उलट धुताना तो निसटतो आणि कळतही नाही. ओल्ड स्टेशनजवळ मी फिल्टरला आट्यांनी जोडलेली न गाळलेल्या पाण्याची पिशवी पिळत होतो, तेव्हा आट्यांमधून एक बारीक ओघळ फिल्टरच्या अंगावरून उतरत थेट स्वच्छ बाटलीच्या तोंडात जाताना दिसला. तोवर चार लिटर ‘गाळून’ झाले होते. जिआर्डिया हा पोट बिघडवणारा सूक्ष्म परजीवी अडवणारे तंतू आत शाबूत असूनही पाणी त्यांना वळसा घालून जात असेल, तर त्यांचा उपयोग शून्य. मग सहाही लिटर छोट्या भांड्यात थोडेथोडे उकळले. स्टोव्हसाठी लागणारा कॅलिफोर्नियाचा मोफत आगपरवाना खिशात होता, हे नशीब. त्यात गॅस निम्म्याहून अधिक संपला, म्हणून कड्यावरचे दोन्ही दिवस कोरड्या खाण्यावर काढले. पाठीवर सहा किलो कोमट पाणी होते.

नुसता वायसर कंपनी विकत नाही. संपूर्ण संच घ्यावा लागतो. या एका गोष्टीसाठी दोन तारे कापतो, आणि ते परत देणार नाही. बर्नी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात बागेच्या रबरी नळीला लावायचे साधे वायसर मिळाले, ते सहज म्हणून बसवून पाहिले तर मूळच्यापेक्षा घट्ट बसले. दहा वायसरांना तीन डॉलरही पडले नाहीत. तिथून मक्लाउड नदी ओलांडून कॅसल क्रॅग्जपर्यंत सुमारे १३० किलोमीटर चाललो, पण थेंबही गळला नाही.

लासेनच्या गरम झऱ्यांलगतचे पाणी मात्र यातून गाळून पिऊ नये, कारण विरघळलेली खनिजे हा फिल्टर अडवत नाही. घेणार असाल तर जरूर घ्या, आणि त्याच दिवशी नळीचे दोन वायसर औषधांच्या पिशवीत टाका.