आजी, आई, नात: तीन पिढ्यांच्या तुलनेसाठी कोणती चाचणी?

नागपुरातल्या महाल, सदर, धरमपेठेतून तीन पिढ्यांच्या प्रश्नावल्या भरून आल्या की चाचणी निवडावी ती उत्तराच्या प्रकारावरून.

उत्तर होय-नाही असेल तर काय-स्क्वेअर चाचणी (मोजलेल्या आणि अपेक्षित संख्यांची तुलना). समजा, प्रत्येक पिढीत ४० जण आहेत आणि आठवड्यातून एकदा तरी नागपूर मेट्रोने जाणारे आहेत अनुक्रमे ८, १६ आणि २४. पिढ्यांत फरक नसता, तर प्रत्येकी १६ ‘होय’ आणि २४ ‘नाही’ अपेक्षित होते. दर चौकटीत मोजलेल्या आणि अपेक्षित संख्येतल्या फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित संख्या काढा. सहा चौकटींची बेरीज १३.३३ येते. स्वातंत्र्यमात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम: ओळी उणे एक गुणिले स्तंभ उणे एक) २ असताना ५ टक्के पातळीची सीमा, म्हणजे खरा फरक नसताना शंभरात पाचदाच ओलांडली जाणारी, ५.९९ आहे, म्हणजे हा फरक निव्वळ योगायोग मानणं कठीण. सूत्रात टक्केवारी घालू नका, मोजलेली माणसंच घाला. नाहीतर ४० चा गट आणि ४०० चा गट सारखाच दिसेल. पाचपेक्षा कमी अपेक्षित संख्येच्या चौकटी २० टक्क्यांहून जास्त असतील तर निकालावर विसंबू नये. दोन बाय दोन तक्त्याला तिथे फिशरची अचूक चाचणी बरी.

हा फरक पिढीचाच, असं मात्र लगेच लिहू नका. नात कॉलेजला जाते म्हणून मेट्रोत बसते. तो वयाचा परिणाम असू शकतो. एकाच वर्षीच्या सर्वेक्षणातून वय आणि पिढी वेगळी काढता येत नाही, चाचणी कितीही चांगली असली तरी.

मोबाइलवरचे तास किंवा शिक्षणाची वर्षं मोजली असतील तर दोन पिढ्यांच्या सरासरींच्या तुलनेसाठी टी-टेस्ट, तिन्हींच्या एकत्र तुलनेसाठी अनोव्हा. टी-टेस्टमध्ये आमची पसंती वेल्चच्या पद्धतीला, कारण ती दोन्ही गटांचं विचरण (उत्तरांचा सरासरीभोवतीचा पसारा) सारखं धरून चालत नाही. तीन जोड्यांवर तीन टी-टेस्ट लावल्या तर नसलेला फरक सापडण्याची शक्यता ५ वरून १४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. अनोव्हा फक्त कुठेतरी फरक आहे एवढंच सांगते. कोणत्या जोडीत, ते टुकीच्या चाचणीतून कळतं.

‘अजिबात पटत नाही’ ते ‘पूर्ण पटतं’ अशा एकाच पाचपायरी प्रश्नाची सरासरी काढण्यापेक्षा उत्तरं चढत्या क्रमाने लावून मिळणाऱ्या क्रमांकांवर चालणाऱ्या चाचण्या घ्या: दोन गटांना मान-व्हिटनी, तिघांना क्रुस्काल-वॉलिस.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एकाच घरातली आजी, आई आणि नात घेतल्यावर. त्यांची उत्तरं एकमेकींशी बांधलेली असतात, आणि वरच्या सगळ्या चाचण्या माणसं स्वतंत्र आहेत असं धरतात. अशा वेळी घर हे एकक धरून दर घराची एक ओळ करा. मग आई आणि नात अशा दोघींच्या तासांसाठी जोडीची टी-टेस्ट, तिघींच्या पाचपायरी उत्तरांसाठी फ्रीडमन, तिघींच्या होय-नाहीसाठी कॉक्रनची क्यू. एक्सेलच्या टी-टेस्टमध्ये प्रकार १ म्हणजे जोडीची, ३ म्हणजे वेल्चची. काय-स्क्वेअरसाठी अपेक्षित संख्यांचा तक्ता आधी स्वतः मांडून द्यावा लागतो.